रंग घोटणारी पोरं

पेझ्ली नावाचं गाव स्कॉटलंडमध्ये आहे हे आपल्याला माहीत नसलं, तरी त्या गावाचं नाव आपल्या कपाटात असतं. साडीच्या काठावरची कोयरी, आजीच्या शालीवरची कोयरी, शुक्रवारी हापिसात घालून जायच्या त्या जरा रंगीत शर्टावरची कोयरी. तिला इंग्रजीत 'पेझ्ली' म्हणतात. कोयरी मूळची इकडची, काश्मिरी शालींवरची. एकोणिसाव्या शतकात पेझ्लीच्या मागांवर त्या शालींची नक्कल व्हायला लागली, आणि ती इतकी खपली की नाव नक्कल करणाऱ्यांचंच पडलं! (आपण इथे कॉपीराइटवर वाद घालत बसतो...)

असो. आज कोयरीवर लिहायचं नाहीये. लिहायचंय ते पेझ्लीच्या एका माणसावर, आणि त्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या नाटकांवर, चित्रांवर, आणि चित्रांवरच्या पुस्तकांवर. विषय जरा पसरट आहे, चहा घेऊन बसा.

या माणसाचं नाव जॉन बर्न. जन्म १९४०, गेला २०२३ मध्ये. चित्रकार होता आणि नाटककारही, आणि यातलं कुठलंच हौस म्हणून नाही. घर कामगारवस्तीतलं. शाळा सुटल्यावर तो गावाशेजारी एल्डर्सलीला स्टॉडर्ड कंपनीच्या गालिच्याच्या कारखान्यात लागला. तिथे 'स्लॅब रूम' नावाची एक खोली होती. गालिच्यांचे डिझायनर आपली डिझाइनं आधी कागदावर रंगवायचे, आणि त्यांना लागणारे रंग तयार करून द्यायचं काम या खोलीतल्या पोरांचं. लादीवर रंगाची पूड घ्यायची, त्यात गोंद घालायचा आणि घोटत बसायचं. दिवसभर. वरच्या टेबलावर बसून ब्रश चालवणारे वेगळे, खाली रंग घोटणारे वेगळे. आपल्याकडच्या कुठल्याही कंपनीत अप्रेंटिसशिप केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

बर्न पुढे ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, चित्रकार झाला, आणि १९७८ साली त्याने त्या खोलीवर नाटक लिहिलं. 'द स्लॅब बॉईज'. एडिंबरोच्या ट्रॅव्हर्स थिएटरमध्ये ते पहिल्यांदा झालं. १९५७ सालचा काळ, कारखान्यातली तीच खोली. फिल आणि स्पँकी ही दोन पोरं कामाची टाळाटाळ करतात, साहेबाची नक्कल करतात, नव्या आलेल्या बऱ्या घरच्या पोराला पिडतात. हसून हसून पुरेवाट होईल असं नाटक आहे. आणि या सगळ्या दंग्याखाली एकच गोष्ट चाललेली असते, फिलने आर्ट स्कूलला अर्ज केलेला आहे. शेवटी कळतं की त्याला प्रवेश मिळालेला नाही. नोकरीही जाते.

गंमत अशी की हे सगळं पेझ्लीच्या रस्त्यावरच्या बोलीत आहे, शुद्ध इंग्रजीत नाही. तरीही ते स्कॉटलंडभर चाललं, त्याची पुढे मालिकाच झाली, आणि १९८३ मध्ये ते ब्रॉडवेवर गेलं तेव्हा त्यात शॉन पेन, केविन बेकन आणि व्हॅल किल्मर होते. तिघेही तेव्हा पोरसवदाच!

चित्रकार म्हणून बर्नची एक गोष्ट मला नाटकापेक्षाही नाट्यमय वाटते. आर्ट स्कूल रीतसर पूर्ण केलेल्या या माणसाने १९६७ मध्ये लंडनच्या पोर्टल गॅलरीला चित्र पाठवलं ते 'पॅट्रिक' या नावाने. पॅट्रिक म्हणजे त्याचे वडील. म्हातारे आहेत, चित्रकला कुठे शिकलेले नाहीत, स्वतःच रंगवतात, अशी बतावणी. गॅलरी खूश! लंडनला कामगाराचं चित्र हवं होतं, पण ते अडाणी कामगाराचं हवं होतं. शिकलेल्या कामगाराचं नको. बर्नने ते ओळखलं आणि बिनधास्त वापरलं. पुढे खरं काय ते बाहेर आलंच, आणि तोवर त्याचं नाव झालं होतं. २०११ मध्ये रॉबर्ट ह्युइसन या समीक्षकाने त्याच्या चित्रांवर आणि आयुष्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे कारखान्यावर नाटक झालं, आणि नाटक लिहिणाऱ्या चित्रकारावर पुस्तक झालं.

याच्या उलटा प्रवासही तिकडे झालाय. उत्तर इंग्लंडमध्ये ॲशिंग्टन नावाचं एकेकाळचं कोळसाखाणींचं गाव आहे. तिथल्या खाणकामगारांनी १९३४ मध्ये संध्याकाळच्या वर्गासाठी रॉबर्ट लायन नावाचे शिक्षक बोलावले, विषय चित्रं कशी बघायची. लायन थोर थोर इटालियन चित्रांच्या स्लाइड दाखवायला लागले आणि कामगारांच्या चेहऱ्यावरची रेष हलेना. शेवटी लायन म्हणाले, तुम्हीच काढून बघा. त्यांनी काढली. खाणीत आडवं पडून कोळसा फोडणारा माणूस, खाणीतले घोडे, घरामागची कबुतरं, डबा. ही मंडळी पुढे पन्नास वर्षं चित्रं काढत राहिली, नोकरी न सोडता. विल्यम फीव्हर या कलासमीक्षकाने १९८८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक ली हॉल या नाटककाराने वाचलं आणि २००७ मध्ये 'द पिटमेन पेंटर्स' हे नाटक लिहिलं. न्यूकॅसलला सुरू झालेलं ते नाटक लंडनच्या नॅशनल थिएटरला आणि मग न्यूयॉर्कला गेलं. इथे आधी चित्रं, मग पुस्तक, मग नाटक. मधलं पुस्तक नसतं तर नाटक झालंच नसतं, हा मुद्दा जरा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता हे सगळं चिंचवडात बसून कशाला?

तर, आपल्याकडे काय आहे ते बघू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, आणि त्यांच्या मागोमाग त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथून माणसं आली, आयटीआय करून शॉप फ्लोअरवर लागली. मग पट्टा वाढत वाढत चाकणपर्यंत गेला. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे वडील किंवा काका याच गर्दीतले. आपण लॅपटॉपवाले झालो ते त्यांच्या ओव्हरटाइमवर.

आणि ही माणसं नाटक करायची. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५३ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, शासनाची राज्य नाट्यस्पर्धा, टेल्कोच्या कामगारांचा 'कलासागर'. फर्स्ट शिफ्ट सुटली की तालीम, सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी तालीम, आणि ज्याची नाइट असेल त्याच्या जागी प्रॉक्सी. स्पर्धेत फक्त विनोदी फार्स व्हायचे असं कुणी समजू नये. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर या लोकांची अवघड नाटकंसुद्धा महाराष्ट्रभर अशाच हौशी संघांनी केली. चिंचवडचं मोरे, पिंपरीचं अत्रे, पिंपळे गुरवचं निळू फुले ही नाट्यगृहं उगाच उभी राहिलेली नाहीत. शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली झालं ते पिंपरी-चिंचवडमध्येच.

म्हणजे नाटकाच्या बाबतीत आपण पेझ्लीपेक्षा काकणभर सरसच. कामगार रंगमंचावर आला का? आला. जयंत पवारांचं 'अधांतर' १९९७ चं. १९८२ चा गिरणी संप, त्यानंतर चाळीतल्या एका घराची झालेली वाताहत. त्यातला थोरला मुलगा लेखक होऊ बघतोय आणि घरात कुणाला त्याचं काय करायचं कळत नाही. मला दर वेळी फिलची आठवण येते. पवार स्वतः गिरणगावातले. जशी बर्नने स्लॅब रूम आतून पाहिलेली, तशी यांनी चाळ. आणि २०१२ मध्ये अतुल पेठ्यांनी गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभं केलं. रंगमंचावर काम करणारा आणि सकाळी झाडू मारणारा माणूस एकच! ज्यांनी तो प्रयोग पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

पण चित्रांचं काय?

इथे येऊन गाडी अडते. तेंडुलकरांचं नाव न ऐकलेला मराठी वाचक विरळा. गायतोंड्यांचं? वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर १९२४, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं तेव्हा आपल्या पेपरांत बातमी आली, आणि ती बातमी अर्थातच आकड्याची होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडे 'कोण हे गायतोंडे?' इथूनच सुरुवात.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की नाटक समजतं आणि मॉडर्न आर्ट समजत नाही. मला हे पटत नाही. 'महानिर्वाण' काय सोपं आहे? मेलेला माणूस उठून कीर्तन करतो. 'बेगम बर्वे' सोपं आहे? ती नाटकं ज्या लोकांनी डोक्यावर घेतली त्यांना एक अमूर्त चित्र समोर धरल्यावर घाम फुटावा, असं काही नाही.

आणि असंही नाही की ही दोन जगं मुळातच वेगळी होती. पन्नास-साठच्या दशकात मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. एकाच इमारतीत गायतोंडे, हुसेन यांचे स्टुडिओ, रविशंकरांची सतार, आणि गच्चीवर इब्राहिम अल्काझींचं थिएटर. अल्काझी जन्माने पुणेकर (खरंच!), लंडनच्या राडामध्ये नाटक शिकून आलेले आणि स्वतः चित्रंही काढणारे. विजया मेहतांनी १९६० मध्ये 'रंगायन' सुरू केली, तिचे धागेही याच वास्तूशी जुळलेले. मराठी नवनाट्य आणि भारतीय आधुनिक चित्रकला अक्षरशः एका जिन्यावरून चढ-उतार करत होती. मग एक घरोघरी पोचलं आणि दुसरं का नाही?

माझ्या मते उत्तर छापखान्यात आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर नाटक हा सोर्स कोड आहे. संहिता छापली, पन्नास-शंभर रुपयांना मिळाली, की लातूर, नागपूर, चिंचवड, कुठलाही संघ ती घेऊन आपापल्या मशीनवर रन करू शकतो. चित्र म्हणजे एकच बनलेलं यंत्र, ड्रॉइंग नाही, स्पेअर नाही. ते विकलं गेलं की एका घरात गेलं, दार बंद. मग उरलेल्या जगापर्यंत ते पोचणार कसं? तर पुस्तकातून. चांगल्या छपाईच्या, आणि वाचणाऱ्याला कळेल अशा भाषेतल्या. रंगीत छपाई महाग. चित्रं विकत घेणारा वर्ग इंग्रजी वाचणारा. त्यामुळे कॅटलॉग इंग्रजीत, समीक्षा इंग्रजीत. चित्रकार घरी मराठी बोलायचा, त्याच्यावरचं पुस्तक इंग्रजी बोलायचं.

ज्ञानेश्वर नाडकर्णींचंच बघा. नाटक आणि चित्रकला दोन्हीवर अधिकाराने लिहिणारे, मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिलेले गृहस्थ. गायतोंड्यांवरचं त्यांचं छोटं पुस्तक १९८३ मध्ये ललित कला अकादमीने काढलं, ते इंग्रजीत. हुसेनवरचं १९९६ चं, तेही इंग्रजीत. यात त्यांचा दोष काही नाही. पैसे आणि प्रकाशक जिकडे तिकडे लेखक जाणार. पण रंगभूमीवर मकरंद साठे 'मराठी रंगभूमीच्या तीस रात्री'चे तीन जाडजूड खंड २०११ मध्ये मराठीत लिहितात, आणि मग त्याचं इंग्रजी होतं. विजयाबाईंचं 'झिम्मा' मराठीत येतं. नाटकवाल्यांनी आपली गोष्ट आधी आपल्या भाषेत सांगितली.

यात मला सर्वात जास्त हळहळ वाटते ती सुधीर पटवर्धनांच्या बाबतीत. कारण आपला ॲशिंग्टन, आपली स्लॅब रूम, जे काय म्हणाल ते, या माणसाच्या कॅनव्हासवर आहे. जन्म पुण्याचा, १९४९. पुण्यातच एएफएमसीमधून डॉक्टर झाले. त्याच काळात 'मागोवा' गटाच्या डाव्या विचारांशी संबंध आला. मग मुंबईला गेले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं प्रॅक्टिस केली आणि बरोबरीने चित्रं काढली. दिवसा माणसांच्या हाडांचे एक्स-रे आणि संध्याकाळी त्याच माणसांची चित्रं! इराणी हॉटेलात बसलेला एकटा माणूस, लोकलमधली गर्दी, रेल्वेचा पूल, गिरण्यांच्या धुरांड्यांशेजारी उगवलेले टॉवर. १९९१ चं 'पोखरण' हे चित्र ठाण्याच्या पोखरण रोडचं आहे, कारखाने आणि टेकडी आणि मधूनच वाढत चाललेलं शहर. २००१ चं 'लोअर परळ' तर 'अधांतर'च्या शेजारी ठेवून बघावं. एकात चाळीच्या आतलं दिसतं, दुसऱ्यात बाहेरचं.

त्यांच्या चित्रातला कामगार झेंडा घेऊन उभा नसतो, आणि दीनवाणाही नसतो. जाड हाडापेराचा, थोडा थकलेला, आपल्या वजनानिशी जागेवर उभा असतो. निगडीच्या चौकात कंपनीची बस उशीरा आली की जे चेहरे दिसतात ते. आणि असा चित्रकार, ज्याची चित्रं बघायला कुठलाही 'इझम' माहीत असावा लागत नाही, त्याच्यावरचं महत्त्वाचं पुस्तक, रणजित होस्कोटेंचं २००४ चं, इंग्रजीत आहे. उत्तम आहे. पण ज्याचं चित्र त्यात आहे त्याला ते वाचता येणार नाही. पटवर्धनांना स्वतःला हे बोचत असावं, असं त्यांच्या एका उद्योगावरून वाटतं. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय चित्रांचं एक प्रदर्शन बांधलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवलं. नाटकाचा दौरा असतो तसा चित्रांचा दौरा! चित्रकाराने स्वतःचं काम बाजूला ठेवून हे करणं मला फार मोठं वाटतं.

आता एक अपवाद, आणि माझ्या लेखी तो या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. प्रभाकर बरवे.

बरवे अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६. जे. जे. झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी नोकरी धरली ती विणकर सेवा केंद्रात. हातमागासाठी नवीन डिझाइनं तयार करायचं सरकारी केंद्र. आधी बनारस, मग मुंबई. वीसेक वर्षं ते तिथे होते. म्हणजे बर्न जसा गालिच्यांत, तसे बरवे साड्या-पडद्यांच्या कापडात. दोघांचंही पोट विणकामावर आणि जीव चित्रात. (कोयरी इथेही आलीच असणार कधीतरी टेबलावर!) गंमत म्हणजे बरव्यांनी कॅनव्हासवर वापरला तो बऱ्याचदा एनॅमल पेंट, आपण खिडक्यांच्या ग्रिलला मारतो तो. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, टाचणी, सफरचंद, पोस्टकार्ड, शिंपला अशा साध्या वस्तू रिकाम्या जागेत तरंगत असतात. प्रत्येक गोष्ट ओळखू येते आणि तरी एकत्र बघितल्यावर काहीतरी भलतंच होतं.

बर्नने आपल्या कारखान्यावर नाटक लिहिलं. बरव्यांनी नाटक लिहिलं नाही. त्यांनी वर्षानुवर्षं डायऱ्या लिहिल्या, आणि १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिलं. मराठीत. कोऱ्या कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर चित्रकाराच्या डोक्यात काय चालतं, वस्तू आणि तिचा आकार यांत काय फरक, अवकाश म्हणजे काय, सवय कशी घात करते, याबद्दल अगदी शांत, स्वच्छ गद्यात. कुठेही 'तुम्हाला कळणार नाही' असा सूर नाही, आणि समजावून सांगतोय असाही नाही. एक माणूस स्वतःशी विचार करतोय आणि आपल्याला शेजारी बसू देतोय. डिझाइनचं काम करणाऱ्या कुणालाही, मग ते मशीन पार्टचं असो की सॉफ्टवेअरचं, यातली पानंच्या पानं आपलीच वाटतील. आधुनिक चित्रकलेवर मराठीत लिहिताच येत नाही, परिभाषाच नाही, असं म्हणणाऱ्यांच्या हातात मी हे पुस्तक ठेवतो.

बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या उद्घाटनाला जे घडलं ते बऱ्याच जणांनी बातम्यांत पाहिलं असेल. अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. लोकांना पालेकर म्हटलं की 'गोलमाल' आठवतो. पण ते मुळात जे. जे.चे विद्यार्थी, चित्रकार म्हणून सुरुवात केलेले. मग सत्यदेव दुबेंबरोबर प्रायोगिक नाटक, पुढे स्वतःची 'अनिकेत' संस्था. एलकुंचवारांचं 'वासनाकांड', ज्यातला नायक शिल्पकार आहे, त्यांनी सत्तरच्या दशकात रंगमंचावर आणलं आणि त्यापायी सेन्सॉरशी भांडले. म्हणजे नाटक आणि चित्र या दोन्ही घरांत वावर असलेला माणूस. त्या दिवशी ते सांगत होते की गॅलरीत कुठली प्रदर्शनं व्हावीत हे ठरवणारी स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती गुंडाळण्यात आली आहे, आणि बरव्यांचं प्रदर्शन हे त्या समितीने ठरवलेलं शेवटचं ठरणार. भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला. बरव्यांबद्दल बोला, असं त्यांना सांगण्यात आलं.

टीव्हीवर त्या रात्री चर्चा झाली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण पालेकरांचा मूळ मुद्दा बाजूला पडला. चित्र एकच असतं, ते कुठल्या भिंतीवर लागायचं हे कोण ठरवणार, इथलं कुणी की लांबून कुणी, असा साधा प्रश्न होता तो. नाटकवाल्याला हा प्रश्न इतका पडत नाही. अत्रे मिळालं नाही तर मोरे, तेही नाही तर शाळेचा हॉल. छबिलदास शाळेच्या हॉलमध्येच तर मराठी प्रायोगिक रंगभूमीचा सुवर्णकाळ होऊन गेला. चित्राला भिंत लागते, उजेड लागतो, पहारा लागतो आणि विमा लागतो. (पटवर्धनांचं मोठं प्रदर्शन त्याच वर्षाच्या शेवटी त्याच गॅलरीत भरलं, हेही सांगायला हवं. दारं अगदीच बंद झाली नाहीत.)

बरव्यांचं पुस्तक एकटं पडलं का? अगदीच नाही. सतीश नाईक हे चित्रकार-पत्रकार १९८७ पासून 'चिन्ह' काढत आले, चित्रकलेला वाहिलेला मराठी अंक. पदरमोड करून, मधे बंद पडत, पुन्हा सुरू करत. त्यातूनच गायतोंड्यांवरचा मोठा ग्रंथ २०१६ मध्ये आला. मित्रांच्या, सहकाऱ्यांच्या आठवणी, मुलाखती, सगळं मराठीत. गायतोंडे २००१ मध्ये गेले तेव्हा त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला फारसं काही नव्हतं. प्रभाकर कोलते स्वतः अमूर्त चित्रकार, त्यांनी 'कलेपासून कलेकडे' लिहिलं. सुहास बहुलकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड २०१३ मध्ये आला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचे महाराष्ट्रातले चित्रकार, शिल्पकार, त्यांच्या संस्था, सगळे एका जागी. आणि या कोशाच्या बाबतीत जे झालं ते मला भयंकर आवडतं. २०२१ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. या वेळी मराठीतून इंग्रजीत! ज्या लिलाववाल्यांच्या आणि गॅलरीवाल्यांच्या जगाने इतकी वर्षं मराठीकडे पाहिलं नव्हतं, त्यांना संदर्भासाठी मराठी कोशाचं भाषांतर लागलं.

बहुलकरांचं 'बॉम्बे स्कूल'वरचं आठवणींचं पुस्तकही जमलं तर वाचा. त्यात जे. जे.च्या वर्गांतली, मास्तरांची, मॉडेल म्हणून बसणाऱ्या माणसांची अशी वर्णनं आहेत की एखाद्या नाटककाराने नुसती उचलावीत. बर्नच्या स्लॅब रूममध्ये होतं ते सगळं तिथे आहे: गरिबी, टवाळी, वरचे आणि खालचे, आणि अर्ज केलेली पोरं. ॲशिंग्टनच्या बाबतीत पुस्तक आल्यावर नाटक यायला एकोणीस वर्षं लागली होती. आपल्याकडे पुस्तकं तर आता आली आहेत.

'कोरा कॅनव्हास' मोठ्या ग्रंथालयांत मिळतं, नसेल तर जुन्या पुस्तकवाल्यांना सांगून ठेवायचं. मी ते सलग वाचत नाही. रात्री एखादं प्रकरण, तेही अर्धंच. द. ग. गोडशांबद्दल लिहायचं राहिलंच. नाटकाचं नेपथ्य करणारा आणि 'पोत'सारखं पुस्तक लिहिणारा माणूस एकच कसा, हा पुढच्या शनिवार-रविवारचा विषय.